सिल्की कोंबड्यांचे फोनवरचे ‘डॉक्टर’

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत शोभेच्या कोंबड्या पाळण्याची हौस बरीच वाढली आहे, आणि ज्या फोन नंबरवरून पिल्ले विकली जातात त्याच नंबरवरून त्यांच्या आजाराचे निदान करून औषध पाठवणारी मंडळीही तयार झाली आहेत. अशाच एका माणसाने मला सिल्की जातीची पिल्ले विकली, त्यांना ‘लस’ टोचली, ती आजारी पडल्यावर व्हिडिओ पाहून निदान केले आणि औषधाच्या नावाखाली माझ्याकडून पैसे घेत राहिला. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण पोलिसांकडे तक्रार दिलेली आहे. पण त्याची पद्धत सविस्तर सांगते, कारण माणूस नंबर बदलतो, पद्धत बदलत नाही.

सिल्कीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण फसवणुकीला जागा तिथेच मिळते. या कोंबडीची पिसे इतर कोंबड्यांसारखी एकमेकांत गुंतलेली नसतात, ती लोकरीसारखी मोकळी असतात आणि त्यामुळे पाणी थोपवत नाहीत. जांबोटी-खानापूरकडच्या पावसाळ्यात हा पक्षी भिजला की लगेच गारठतो. कातडी आणि हाडे काळी, पायाला चारऐवजी पाच बोटे. आपल्या कडकनाथचेही अंग काळेच, म्हणून विक्रेते कधी कधी ‘कडकनाथचीच परदेशी बहीण’ असे ठोकून देतात. त्यात काही तथ्य नाही. डोक्यावरच्या तुऱ्याखाली अनेक सिल्कींची कवटी फुगीर असते आणि तिथे हाडाचे संरक्षण अपुरे असते, त्यामुळे दुसऱ्या कोंबडीने जोरात टोच मारली तरी मेंदूला इजा होऊन मान वाकडी होऊ शकते. शिवाय मरेक या विषाणूजन्य रोगाला ही जात फार लवकर बळी पडते. हंगेरीतील पशुवैद्य योझेफ मरेक यांनी 1907 मध्ये या रोगाचे प्रथम वर्णन केले, म्हणून त्याला हे नाव मिळाले.

पिल्ले मी प्रत्येकी 1200 रुपयांना घेतली. विक्रेत्याने ‘काकू, मरेकची लस टोचल्याशिवाय मी पिल्लू देतच नाही’ असे सांगितले, पण पिल्ले पोहोचली तेव्हा लस संपली होती, म्हणून पुढच्या फेरीला घरी येऊन टोचून देतो असे ठरले. तो आला तेव्हा पिल्ले जवळजवळ दोन महिन्यांची झाली होती. पाठीवरच्या पिशवीतून त्याने चहाचा थर्मास काढला, त्यात बर्फाचे केव्हाच पाणी झाले होते आणि त्या पाण्यात लेबल भिजून सुटलेली एक छोटी कुपी तरंगत होती. त्यातून एकाच सिरिंजने सगळ्या पिल्लांना मानेखाली टोचून त्याने दर पक्ष्यामागे 150 रुपये घेतले आणि इंग्रजीत छापलेले एक शिक्क्याचे ‘प्रमाणपत्र’ दिले.

मरेकची लस अशी दिली जात नाही. ती पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्याच्या पहिल्या दिवशी, उबवणी केंद्रातच देतात, कारण रोगाचा विषाणू कोंबड्यांच्या पिसांतून झडणाऱ्या कोंड्यात असतो आणि पिल्लू खुराड्यात आले की तो श्वासातून आत जातो. त्याच्या आधी लस पोहोचली तरच उपयोग. या लसीचा सर्रास वापरला जाणारा प्रकार द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंश तापमानाला साठवावा लागतो आणि एकदा वितळवून द्रावणात मिसळला की साधारण तासाभरात संपवावा लागतो. एका कुपीत हजार किंवा त्याहून अधिक मात्रा असतात. चहाच्या थर्मासमधून दहा-बारा पिल्लांसाठी मरेकची लस घरपोच देणारा माणूस दुसरेच काहीतरी टोचतो आहे, हे समजायला पदवी लागत नाही.

पिल्ले चार महिन्यांची झाली तेव्हा दोन पक्षी जवळजवळ एकाच वेळी आजारी पडले. कापशी नावाची पांढरी तलंग लंगडू लागली आणि एका तांबूस कोंबडीची मान उलटी वळून डोके पाठीकडे जाऊ लागले. मी दोघींचे व्हिडिओ पाठवले. काही मिनिटांतच निदान आले: एकीची ‘नस आखडली’ आणि दुसरीला ‘मानमोडीची सुरुवात’. विष्ठेचा रंग कसा आहे, खाणे किती, श्वासाचा आवाज येतो का, इतर कोंबड्या कशा आहेत, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. दोन वेगळ्या आजारांसाठी औषध मात्र एकच होते, 850 रुपयांची एक बाटली, ‘परदेशी फॉर्म्युला, नसांसाठी’ असा सोनेरी स्टिकर लावलेली.

पुढे जे झाले त्यावरच त्याचा सगळा धंदा उभा आहे. मान वळलेली कोंबडी हळूहळू बरी झाली. मी आनंदाने तिचा व्हिडिओ काढून, मागे बोलत त्याचे आभार मानले आणि तो त्याला पाठवला. नंतर तुरा बाजूला करून पाहिले तेव्हा कवटीवर सुकलेली खपली दिसली; खुराड्यातल्या कोंबड्याने तिला टोचले होते. अशा इजेने किंवा ई आणि बी-1 जीवनसत्त्वांच्या कमतरतेने वाकडी झालेली मान, पक्ष्याला वेगळे ठेवून, ड्रॉपरने पाणी-खाद्य भरवून आणि जीवनसत्त्वे देऊन अनेकदा काही आठवड्यांत सरळ होते. खऱ्या मानमोडीत, म्हणजे राणीखेत रोगात, असे एकच पक्षी धरून चालत नाही. हिरवट हगवण, धाप आणि धडाधड मरतूक घेऊन तो सगळ्या कळपात शिरतो, आणि तो विषाणूचा रोग असल्यामुळे त्यावर कोणतीही बाटली चालत नाही, आधी घातलेली लसच कामी येते. थोडक्यात, शंभर लोकांना बाटली विकली की ज्यांचे पक्षी आपोआप बरे होणार असतात तेच जाहिरात करतात, आणि ज्यांचे मरतात त्यांना ‘तुम्ही उशीर केलात’ असे सांगून गप्प बसवता येते.

कापशीचे तसे झाले नाही. तिचा एक पाय पुढे आणि एक पाय मागे ताणला गेला, पंख एका बाजूने लोंबला आणि व्यवस्थित खात असूनही छातीचे हाड हाताला धारदार लागू लागले. प्रत्येक वेळी नवा ‘कोर्स’ सुचवला जाई: आधी दुसरी बाटली, मग पिवळी पूड, मग घरी येऊन द्यायचे इंजेक्शन. सासूबाई म्हणाल्या, ‘एवढा पैसा म्हशीला घातला असतास तर निदान दूध तरी दिलं असतं तिनं.’ ते काही खोटे नव्हते. कापशी मेली, तिच्यामागोमाग एक कोंबडा तसाच अधू झाला, आणि मग त्या माणसाने एक नवीनच प्रस्ताव ठेवला: उरलेले पक्षी मी उपचारासाठी घेऊन जातो, त्यांचे निम्मे पैसे तुम्हाला देतो.

हा प्रस्ताव ऐकल्यावर आमच्या यजमानांना संशय आला. कोंबडा मेला तेव्हा त्यांनी तो पिशवीत घालून बर्फात ठेवला आणि सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे नेला. (शवविच्छेदनासाठी पक्षी थंड ठेवावा, फ्रीझरमध्ये गोठवू नये, गोठलेल्या अवयवांची तपासणी नीट होत नाही.) डॉक्टरांनी मांडीचा स्नायू बाजूला करून दोन्ही पायांच्या मुख्य नसा आम्हाला दाखवल्या. निरोगी नस पांढरी, चकचकीत आणि बारीक आडव्या रेघा असलेली असते. एका बाजूची तशी होती, दुसरी मात्र समईच्या वातीसारखी जाड, करड्या-पिवळ्या रंगाची आणि रेघा पुसलेली होती. यकृतावर पांढरट गाठी होत्या. तुकडे पुढील तपासणीसाठी पाठवले गेले आणि अहवालात मरेकच आला. या रोगावर इलाज नाही, तो माणसांना होत नाही, लस रोगाची लक्षणे आणि गाठी रोखते पण संसर्ग रोखत नाही, आणि एकदा खुराड्यात शिरलेला विषाणू कोंड्यात, धुळीत कितीतरी महिने टिकतो, हे सगळे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. त्यासाठी आमच्याकडून त्यांनी जे शुल्क घेतले ते त्या सोनेरी बाटलीच्या किमतीच्या जवळपासही नव्हते.

बाटलीचे गौडबंगाल त्यानंतर उलगडले. रिकामी बाटली तेलासाठी वापरावी म्हणून मी कोमट पाण्यात भिजत घातली, तर सोनेरी स्टिकर सुटला आणि त्याखाली मूळ लेबल निघाले. कोंबड्यांच्या पिण्याच्या पाण्यात घालायचे साधे बी-कॉम्प्लेक्सचे टॉनिक, छापील किंमत 95 रुपये, उत्पादनाची तारीख नखाने खरवडून काढलेली. ते टॉनिक वाईट नव्हे. पिल्लांना बी-2 कमी पडून पायाची बोटे आत मुडपतात तेव्हा ते वेळेवर दिले तर गुणही येतो. त्यामुळेच हा डाव इतका बेमालूम चालतो. पिवळ्या पुडीत काय होते ते मात्र कळले नाही, आणि मला जास्त धास्ती तिचीच वाटते. बिनलेबलाची पूड म्हणजे बहुधा कुठले तरी प्रतिजैविक, आणि त्या दिवसांतली अंडी आम्ही घरात खाल्ली होती. कोलिस्टिनसारख्या औषधाचा कोंबड्यांमध्ये वापर भारत सरकारने 2019 मध्ये बंद केला तो माणसांच्या उपचारांतले हे शेवटचे हत्यार बोथट होऊ नये म्हणून. अशा पुड्यांना त्या बंदीचे काय सोयरसुतक?

या माणसाकडून पिल्ले घेतलेल्या इतरांचा मी शोध घेतला. निपाणीच्या एका शिक्षकांनी विष्ठेत रक्त दिसते म्हणून कळवले, तर त्यांनाही तीच ‘नसांची’ बाटली पाठवली गेली होती. पावसाळ्यात ओल्या भुश्यावर वाढणाऱ्या पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले की पहिला संशय कॉक्सिडिओसिसचा, म्हणजे आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींमुळे होणाऱ्या रोगाचा, घ्यायचा असतो. थोडी ताजी विष्ठा दवाखान्यात नेली की सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसते, आणि अँप्रोलियम हे औषध पाण्यातून दिले की पिल्ले वाचू शकतात. त्यांची वाचली नाहीत. चिकोडीकडच्या एका कुटुंबाने तर लंगडणारी कोंबडी आणि तिच्याबरोबरच्या चांगल्या कोंबड्या त्याच्याकडे खरोखरच ‘उपचारासाठी’ दिल्या होत्या. पुढे त्याच्याच विक्रीच्या व्हिडिओत त्यांना आपली एक कोंबडी दिसली. सिल्कीला पाच बोटे असतात. हिच्या डाव्या पायाला सहा होती, म्हणून ओळख पटली. म्हणजे संसर्ग झालेल्या खुराड्यातले, वरून धडधाकट दिसणारे पक्षी निम्म्या किमतीत परत घ्यायचे आणि पूर्ण किमतीत दुसऱ्याला विकायचे. त्या दुसऱ्याचे पक्षी आजारी पडले की त्यालाही बाटली.

त्याच्या ‘डॉक्टर’ असण्याबद्दल विचारले तर तो आम्हाला सांगे की नोंदणी महाराष्ट्रात आहे, आणि कोल्हापूरकडच्या गिऱ्हाइकांना सांगे की कर्नाटकात आहे. सीमाभागात ही थाप सहज पचते, कारण पलीकडे जाऊन कोण तपासणार. पण 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणीकृत पशुवैद्यालाच पशुवैद्यक व्यवसाय करता येतो आणि प्रत्येक राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणीवही असते. नोंदणी क्रमांक मागा. खरा पशुवैद्य तो सांगायला कचरत नाही. मी तो मागताच आमच्या महाशयांनी ‘काकू, विश्वास नसेल तर राहू द्या’ असे म्हणून फोन ठेवला. दवाखाना लांब असेल तर पशुसंगोपन खात्याच्या फिरत्या पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे.

तक्रार देताना हद्दीचा प्रश्न निघाला: पैसे बेळगाव जिल्ह्यातून गेले, खाते महाराष्ट्रातले. यूपीआयने पैसे गेले असल्यास 1930 या क्रमांकावर सायबर तक्रार देशात कुठूनही करता येते, आणि ती जितक्या लवकर केली तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त असते. आमची तक्रार उशिरा गेली, त्यामुळे पैसे परत मिळालेले नाहीत. पोलीस ठाण्यात अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्यावा लागला, त्याला शवविच्छेदनाचा अहवाल, स्टिकर सुटलेली बाटली, ते ‘प्रमाणपत्र’ आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या जोडल्या. अहवाल जोडल्यावर हवालदारांनी प्रकरण ‘कोंबडीचे भांडण’ म्हणून बाजूला सारणे सोडले, एवढे निश्चित.

उरलेल्या सिल्की आमच्याकडेच आहेत. वरून त्या ठणठणीत आहेत, पण विषाणू बाळगून असू शकतात, म्हणून त्यांची अंडी वा पिल्ले मी कोणालाही देत नाही. त्या माणसाचा जुना नंबर बंद आहे, मात्र मी पाठवलेला आभाराचा व्हिडिओ नव्या नंबरवरून अजून फिरतो आहे. त्यात तांबूस सिल्की दाणे टिपताना दिसते आणि ‘तुमच्या औषधानं माझी कोंबडी वाचली बघा’ असा एका बाईचा आवाज येतो. तो आवाज माझा आहे, आणि ती कोंबडी कोंबड्याच्या टोचीतून बरी झालेली आहे.