४० हजारांचं गटकर्ज: १४ हप्ते भरल्यानंतर

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मायक्रोफायनान्सचं, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीचं, ४०,००० रुपयांचं कर्ज घेतलं. २४ महिने, वर्षाला २४ टक्के व्याज, महिन्याचा हप्ता २,११५. आम्ही भांडुपला टेकडीवर राहतो, मी मुलुंडच्या ऑफिसांना पोळ्या पुरवते. तारण काही नाही, पाच बायकांचा गट हीच हमी. फी आणि विमा कापून हातात ३९ हजारांच्याही खाली आले. हे आधी कोणी बोललं नव्हतं.

२२ हजारांत कणीक मळायचं मशीन आलं. दिवसाच्या १२० पोळ्यांच्या २०० झाल्या, खांदा दुखायचा थांबला. उरलेल्या पैशांत पावसाआधी छपराचे पत्रे. अर्जात 'व्यवसायासाठी' लिहिलं होतं, पण गळक्या घरात पीठ ठेवणार कुठे?

सावकार महिन्याला शेकडा ५ घेतो, म्हणजे वर्षाचे ६०. त्यापुढे हे स्वस्तच. पण सावकाराला 'गणपतीनंतर देते' म्हणता येतं. गणपतीत निम्मी माणसं कोकणात, पोळ्या ८० वर आल्या, हप्ता मात्र तारखेला हजर. भिशीतून उचलून भरला. गटातल्या दोघी तर दोन-दोन कंपन्यांचे हप्ते भरतात.

सगळ्यात वाईट वाटलं ते गटाचं. एक जण दिवाळीला गावी गेली ती महिनाभर आली नाही. तिचा हप्ता आम्ही चौघींनी ५२९-५२९ भरला. परतल्यावर नळावर तिच्याशी कोणी बोलेना. तिची सासू वारली होती, हे नंतर कळलं.

वसुलीवाला त्या दिवसांत संध्याकाळी साडेसातला दारात यायचा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर मनाई आहे. मुलीने मोबाइलवर दाखवलं, तेव्हापासून दुपारी येतो. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, हेही तिथेच कळलं.

अशा कर्जांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसोबत हैदराबादच्या १०४ वस्त्यांत अभ्यास केला होता. कर्जाने धंद्यात गुंतवणूक वाढली, एकूण घरखर्च फारसा वाढला नाही, तंबाखू-चहासारख्या गोष्टींवरचा खर्च मात्र घटला. आमच्याकडे अगदी तस्संच. डाळ-भाजी तीच, पण यांच्या पुड्या हप्त्याच्या धाकाने निम्म्यावर आल्या!

१० हप्ते राहिलेत. परवा वसुलीवाला ६० हजारांचं नवीन कर्ज हवंय का, विचारून गेला. म्हटलं, गणपती जाऊ देत, मग बघू.