साडेनऊ महिने बंद असलेलं गाव: 'फायनल फँटसी १४'

आधीच कबूल करते, या गेमबद्दल माझं मत निःपक्षपाती नाही. त्याच्या शेवटी नावांची जी लांबलचक यादी सरकत जाते, तिच्यात माझंही नाव आहे. कसं, ते पुढे येईलच.

२०१२ साली मी नोकरीसाठी जपानात, कावासाकीत होते. खोली एवढीशी, ओळखी बेताच्या, आणि पुण्यात क्लास लावून शिकलेलं जपानी ऑफिसात तोंडातून फुटायला तयार नाही. बोलायचा सराव होईल म्हणून 'फायनल फँटसी १४' हा इंटरनेटवर अनेकांनी एकाच जगात मिळून खेळायचा गेम घेतला. पात्राला नाव आणि आडनाव दोन्ही द्यावं लागतं. भूक लागली होती, मी 'पुरण पोळी' टाकलं.

हा गेम सप्टेंबर २०१० मध्ये बाजारात आला तेव्हा सपशेल आपटला होता. मी गेले तोवर बरीच डागडुजी झाली होती, पण जुने खेळाडू पहिल्या दिवसांचे किस्से चवीने सांगायचे. खरेदी-विक्रीसाठी प्रत्येकाचा एक गडी बाजारात उभा. तुम्हाला तांब्याचा तुकडा हवा असेल तर एकेका गड्यापाशी जाऊन त्याच्याकडे काय आहे ते उघडून बघायचं. म्हणजे तुळशीबागेत एकाही दुकानाला पाटी नाही आणि प्रत्येक शटर गिऱ्हाइकानेच वर करायचं. शिवाय प्रत्येक यादी सर्व्हरला विचारून उघडणार, त्यामुळे शटरही कुरकुरत वर जाणार. उडी मारायची सोय शेवटपर्यंत नव्हती. गुडघ्याएवढं कुंपण आडवं आलं की जगाला तारणारा वीर मुकाट वळसा घालायचा. आणि ती प्रसिद्ध कुंडी! एका साध्या फुलाच्या कुंडीला खेळाडूच्या अख्ख्या शरीराइतके, हजारभर पॉलिगॉन (आकार ज्यांनी घडतो ते बहुकोनी तुकडे) खर्ची घातले होते. नंतर स्वतः नाओकी योशिदांनीच ते जाहीरपणे सांगितलं.

योशिदा म्हणजे डिसेंबर २०१० मध्ये निर्माता-दिग्दर्शक म्हणून ज्यांच्या गळ्यात हे लोढणं पडलं ते. गेम काढणाऱ्या स्क्वेअर एनिक्स कंपनीच्या अध्यक्षांनी माफी मागितली, चमू बदलला, आणि या गृहस्थांनी दोन कामं एकदम काढली: जुना गेम चालता ठेवायचा आणि बाजूला नवा पायापासून बांधायचा. जानेवारी २०१२ पर्यंत तर मासिक वर्गणीही घेतली नाही. मग जुनं जग नुसतं बंद करण्याऐवजी त्यांनी ते कथेतच बुडवलं. आकाशात डालामुड नावाचा लाल चंद्र होता, तो महिनोन्महिने थोडा थोडा मोठा होत गेला. संध्याकाळी लॉगिन केलं की आधी मान वर करून बघायचं, आज किती खाली आलाय.

११ नोव्हेंबर २०१२, रविवार. लक्ष्मीपूजन दोन दिवसांवर आलेलं, आईने पाठवलेल्या चकल्यांचा डबा कीबोर्डशेजारी. शहरांत राक्षस घुसलेले, चॅटमध्ये सगळे एकमेकांना 'ओत्सुकारेसामा' म्हणत होते. दिवसभराचं काम संपल्यावर म्हणतात तेच. मग सर्व्हर बंद झाले आणि चित्रफीत लागली: चंद्र फुटतो, आतून बाहामूत हा ड्रॅगन निघतो, सगळं जळतं. चकली हातातच राहिली.

नवा गेम आधी २०१२ अखेरीस येणार होता, तो लांबला. एरवी अशा लांबणीवर माझा विश्वास बसत नाही. 'पुढच्या महिन्यात नक्की' म्हणणारे सुतार आणि शिंपी आपण सगळ्यांनीच पाहिलेत. इथे फरक एवढाच की योशिदा पत्रं लिहायचे, थेट प्रक्षेपणात बसून प्रश्नांना उत्तरं द्यायचे, अमुक झालंय, तमुक राहिलंय असं सांगायचे. मार्चमध्ये मी पुण्याला परतले. मी ती प्रक्षेपणं बघत बसले की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय गं, उघडलं का तुझं दुकान?"

२७ ऑगस्ट २०१३ला उघडलं, गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी. दारात इतकी गर्दी की सर्व्हर भरले आणि डिजिटल विक्रीच काही काळ थांबवावी लागली. मी त्या गर्दीत नव्हते. आमच्या तेव्हाच्या ब्रॉडबँडवाल्याचं 'अनलिमिटेड' आठ जीबीला संपायचं आणि पुढे २५६ केबीपीएसवर रांगायचं. गेम उतरून होईपर्यंत गणपती बसले. पैसे भरायचाही द्राविडी प्राणायाम: कावासाकीतली मैत्रीण तिथल्या दुकानातून प्रीपेड कार्ड घ्यायची आणि आकडे मेल करायची.

आत गेल्यावर पहिल्यांदा कोएर्थासला जायचं ठरवलं होतं. जुन्या जगात तो हिरवागार डोंगराळ मुलूख होता, मी तिथे तासन्‌तास भटकायचे. पोचले तर सगळीकडे बर्फ. कथेत पाच वर्षं लोटलेली, प्रलयानंतर हवामानच पालटलेलं. मधल्या काळात आम्ही खेळाडू गायब होतो, त्यालाही कथेत जागा: गावकऱ्यांना आम्ही आठवतो, पण चेहरे आठवत नाहीत, प्रकाशात पुसल्यासारखे. आमची साडेनऊ महिन्यांची गैरहजेरी गावात अशी बोलली जात होती. असा मान मला दुसऱ्या कुठल्या गेमने दिलेला नाही. आणि हो, उडी मारता येत होती. पहिली दहा मिनिटं मी फक्त उड्या मारल्या.

आज सुरुवात करावी का? करा, पण धीर धरून. पन्नासाव्या पातळीनंतर 'याला निरोप दे, त्याच्याकडून पाणी आण' छापाची कामं फार होती. २०२० मध्ये बरीच छाटली, तरी तिथे अजून जांभया येतात. फुकट आवृत्तीत सत्तराव्या पातळीपर्यंत वेळेचं बंधन नाही, म्हणजे शेकडो तास. मात्र तीत बाजार वापरता येत नाही, स्वतः गट जमवता येत नाही, आणि एकदा पूर्ण गेम घेतला की त्या खात्याला परत फुकटात जाता येत नाही. तेव्हा घाई नको. भारतात सर्व्हर नाही. मी जपानच्या सर्व्हरवरच आहे, थोडा उशीर जाणवतो, पण अनोळखी लोक सुरुवातीला 'योरोशिकु', म्हणजे 'सांभाळून घ्या', म्हणतात त्यासाठी चालवून घेते. भाषांचं कोडं आहेच: जपानी, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, बस्स.

२०२१ मध्ये गेमचा 'एंडवॉकर' हा पुढचा भाग दोन आठवडे पुढे गेला आणि योशिदांनी पुन्हा माफी मागितली, तेव्हा तरुण मंडळी केवढी हळहळली! मी चहा टाकला. गेमला पाचपैकी साडेचार.

नावाचं राहिलंच. जुन्या गेममध्ये ठरावीक महिने वर्गणी भरलेल्या खेळाडूंच्या पात्रांची नावं नव्या गेमच्या श्रेयनामावलीत घातली होती. मी ती सगळी मोबाइलवर चित्रित केली आणि थांबवत थांबवत एकदाची 'पुरण पोळी' शोधून काढली. आईला दाखवली. तिने चष्मा पुसून पडद्याजवळ नेला, दोनदा वाचलं आणि म्हणाली, "अगं, पुरणपोळी अशी तोडून लिहितात होय?"