हकीकच्या माळा घेताय? दोरा-लायटरवाल्यापासून सावध राहा (कोल्हापूरचा अनुभव)

कोणी लॉजवर बोलावून किंवा घरी येऊन हकीकच्या (म्हणजे अगेट, पट्ट्यापट्ट्यांचा दगड) माळा, अंगठीचे खडे दाखवत असेल आणि खड्याला दोरा गुंडाळून लायटर लावून "बघा ताई, जळत नाही, म्हणजे असली" म्हणत असेल तर तिथनं सरळ उठा. जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा, कारण आमच्यासारख्या घरून दागिने करून विकणाऱ्या बायकांनाच ही माणसं गाठतायत.

मी आणि माझी जाऊ मिळून हे काम करतो. चांदीचं सगळं हुपरीहून करून आणतो आणि त्यात दगडाचे मणी ओवून माळा, ब्रेसलेट, कानातलं असं बनवतो, विक्री जास्त करून व्हॉट्सॲपवर आणि दिवाळीच्या तोंडावर प्रदर्शनात स्टॉल. मणी नेहमी गुजरीतल्या, म्हणजे इथल्या सराफ बाजारातल्या, ओळखीच्या दुकानातनं घेतो, पण तिथं हकीकचा माल कधी असतो कधी नसतो, आणि नेमकं नवरात्रात कळलं की अंबाबाईच्या देवळाजवळ एका लॉजवर गुजरातमधल्या खंभातचा एक व्यापारी उतरलाय. खंभात म्हणजे हकीकचं माहेरघरच, तिथं हजारो वर्षं मणी घडवतायत, लोथलला हडप्पाकाळची मणी बनवायची जागाच सापडलीय, त्यामुळं खंभातचं नाव ऐकल्यावर कोणीही जाईल बघायला.

माणूस बोलायला एकदम गोड. ताई-ताई करत ट्रेमध्ये एकेक माळ मांडायला लागला. लाल हकीक म्हणजे कार्नेलियन, काळ्यावर पांढरे पट्टे असलेला सुलेमानी, आत हिरवे धागे दिसणारा मॉस अगेट, शिवाय भडक निळा आणि गुलाबी. म्हटला सगळं खाणीतनं निघालं तसंच आहे, रंगवलेला एक मणी दाखवा आणि अख्खी माळ फुकट घेऊन जा. मग तो दोरा. एक मोठा लाल खडा घेतला, त्याला शिवायचा दोरा घट्ट गुंडाळला आणि खालनं लायटर धरला. दोरा काळा पडला पण जळून तुटला नाही. "हा दगड लाव्हा गोठून तयार झालाय ताई, आगीतनंच आलाय, त्याला आग काय करणार!" जाऊबाई तर बघतच राहिल्या. आणि प्रत्येक माळेबरोबर लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर नॅचरल अगेट, शिक्का, सही, सगळं.

नंतर एक छोटी डबी काढून हळू आवाजात म्हटला की हे ब्रह्मपुरीचे जुने मणी आहेत, फक्त तुम्हाला दाखवतोय. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ ला पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं होतं, सातवाहनकाळातलं खूप काही मिळालं, रोमन समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती तर आजही टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, पण तिथले मणी लॉजच्या खोलीत विकायला कसे येतील? आणि खरंच जुने असले तरी १९७२ च्या कायद्यानं लायसन्सशिवाय पुरातन वस्तूंचा धंदा करता येत नाही. ती डबी आम्ही हातातही घेतली नाही.

माळांची ऑर्डर मात्र दिली. एकूण ३२,००० रुपये, निम्मे यूपीआयनं आणि निम्मे रोख माल आल्यावर. साधा रंगवलेला माल मिळतो त्याच्या तिप्पट भाव होता पण नॅचरल म्हटल्यावर तो ठीक वाटत होता. दोन दिवसांनी त्यानं माल आणून दिला, प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटात, वरच्या माळा उघडून दाखवल्या, त्या सॅम्पलसारख्याच होत्या, खाली काय आहे ते घरी गेल्यावरच कळणार होतं. बिल मागितलं तर म्हटला जीएसटीचं पक्कं बिल खंभातहून पाठवतो.

पुढच्या आठवड्यात राजारामपुरीतल्या एका गिऱ्हाईक ताईंचा फोन. नवीन माळ घालून अष्टमीच्या दर्शनाला गेल्या, गर्दीत घाम आला आणि पांढऱ्या ब्लाउजच्या गळ्यावर गुलाबी डाग. दगडाचा रंग उतरतो का हो, असं विचारत होत्या. मी लगेच पाकिटं काढली, कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन मणी पुसले, कापूस लालगुलाबी. मग मोबाइलचा टॉर्च खालनं लावून एकेक मणी बघितला. माळेच्या दोन्ही टोकांचे पाच-सहा मणी बरोबर होते, आत बारीक बारीक थर दिसत होते, आणि मधल्या मण्यांत थर नाहीतच, एकसारखा लाल आणि आत गोल गोल बुडबुडे. काच! ओवणारा माणूस टोकं बघतो हे त्याला पक्कं माहीत, म्हणून टोकाला खरा दगड आणि पोटात काच भरलेली. एक मणी फोडून बघितला तर फुटलेली बाजू बाटलीच्या काचेसारखी चकचकीत. खरा हकीक फोडला की आतली बाजू मेणचट दिसते, तेवढी चमकत नाही.

आमच्या गल्लीत भूगर्भशास्त्र शिकवून रिटायर झालेले एक सर राहतात, सगळा पसारा घेऊन त्यांच्याकडं गेलो. लाव्हा गोठून बनलेला हे ऐकल्यावर ते म्हटले इथंच पकडायला पाहिजे होतं त्याला. लाव्हा गोठून बनतो तो आपला काळा पाषाण, बेसाल्ट, अख्ख्या सह्याद्रीत पसरलाय तो, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेला. त्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे होते, लाव्हा थंड झाल्यावर त्यांच्या पोकळ्या तशाच राहिल्या. हकीक त्या पोकळ्यांत नंतर तयार झाला आणि तो पाण्यानं. खडकातनं झिरपणारं पाणी सिलिका (वाळूत असते तीच) विरघळवून आणतं, ती पोकळीच्या भिंतीवर अतिशय बारीक तंतूंच्या रूपात बसते, एक थर, मग त्यावर दुसरा, असं बाहेरनं आत भरत येतं. म्हणून खऱ्या हकीकचे पट्टे त्या पोकळीच्या आकाराप्रमाणं वळतात, कुठं जाड कुठं केसाएवढे बारीक, कधीच मोजून आखल्यासारखे नसतात. मधे जागा उरली तर तिथं स्फटिकाचे टोकदार खडे वाढतात, तो जिओड, सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये असले सुंदर नमुने ठेवलेत, एकदा नक्की बघा. सरांनी कपाटातनं एका खाणीतला दगडाचा तुकडा काढला, काळ्या पाषाणात बोराएवढी पोकळी आणि तिच्या काठानं पांढऱ्या-करड्या रेघा, भिंगातनं मोजायला लागलं तर मोजणं संपेना. मला त्या तुकड्यापुढं त्या माणसाच्या सगळ्या माळा फिक्या वाटल्या.

मॉस अगेटचं पण असंच. हा व्यापारी सांगत होता की आत करोडो वर्षांची वनस्पती अडकलीय. वनस्पती वगैरे काही नसते, लोह-मँगनीजची किंवा हिरव्या रंगाच्या खनिजांची फांद्यांसारखी वाढ असते ती. दगड खरा आणि सुंदरच आहे, त्याला खोटी गोष्ट कशाला जोडायची?

आता रंगाचं नीट समजून घ्या, कारण इथंच सगळ्यात जास्त फसवतात. हकीक रंगवणं हे पाप नाही. दगडात सूक्ष्म छिद्रं असतात, काही थर जास्त शोषतात काही कमी, म्हणून रंग दिला की पट्टे उठून दिसतात. काळा करायचा तर साखरेच्या पाण्यात बरेच दिवस भिजवून मग सल्फ्युरिक ॲसिडमध्ये टाकतात, आतली साखर जळून कोळसा होतो आणि दगड काळा, जो थर साखर पीत नाही तो पांढराच राहतो, बाजारातला बराचसा काळा ऑनिक्स असाच बनतो. जर्मनीत इडार-ओबरश्टाइन नावाचं गाव आहे, तिथं एकोणिसाव्या शतकापासून ब्राझीलचा हकीक आणून रंगवायचा धंदाच उभा राहिला. आपल्याकडं गुजरातमधल्या रतनपूरच्या खाणीतला पिवळट-तपकिरी दगड उन्हात वाळवतात, मडक्यात घालून भाजतात आणि आतल्या लोहाचा लाल रंग खुलतो, हडप्पाच्या काळापासून चालत आलेली रीत आहे ती. या भाजण्याच्या आणि लोहाच्या रंगांना घामानं काही होत नाही. भडक गुलाबी, जांभळा हे मात्र बहुतेक सेंद्रिय रंग, उन्हात फिके पडतात. भडक निळा किंवा गुलाबी हकीक खाणीतनं असाच निघाला असं कोणी म्हटलं तर तो खोटं बोलतोय, नैसर्गिक निळा असतो पण फिकट, आभाळी.

म्हणजे रंगवलेला माल रंगवलेला म्हणून, त्याच्या भावात विका, आम्ही पण तसाच विकतो आणि गिऱ्हाईकाला सांगतो. रंग लपवून तिप्पट पैसे घेणं ही फसवणूक, आणि काच मिसळणं ही तर सरळ चोरी. मला जास्त राग याचा येतो की खंभातचे कारागीर म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं एकेक दगड छिलतात, त्याची धूळ छातीत जाऊन सिलिकोसिस होऊन माणसं मेलीत तिथं, आणि हा त्यांचं नाव लावून काच विकतो.

त्या दोऱ्याचं पण सांगते. घरी येऊन आम्ही तोच दोरा स्टीलच्या चमच्याच्या दांड्याला घट्ट गुंडाळला, लायटर लावला, तुटला नाही. काचेच्या गोटीला गुंडाळला, थोडा वेळ तिथंही टिकला. दोरा घट्ट चिकटलेला असला की उष्णता खालच्या वस्तूत निघून जाते, पेट घेण्याइतका तो तापतच नाही. सैल करून लावला की लगेच जळतो. त्यावरनं दगड असली का नकली काहीच कळत नाही. तसंच "हाताला थंड लागतो", "वजनाला जड आहे" हे पण काही कामाचं नाही, काचही थंड लागते आणि काच नि हकीकचं वजन जवळपास सारखंच, त्यानं फार तर प्लास्टिक ओळखता येईल.

तुम्ही काय बघायचं तर टॉर्च आणि दहापट दाखवणारं भिंग जवळ ठेवा, दोन-चारशे रुपयांत मिळतं. माळेच्या मधले मणी बघा, टोकाचे नाही. मण्याच्या भोकाशी बघा, रंग तिथं आणि भेगांत गडद साचलेला असेल तर रंगवलेलाय. आत गोल बुडबुडे म्हणजे काच. एखादा फुटका मणी मिळाला तर बाटलीच्या काचेवर जोरात घासा, हकीकची कठीणता (१ ते १० च्या मोह्स मापावर) ६.५ ते ७ आणि काचेची साधारण ५.५, त्यामुळं खऱ्यानं पुसला तरी न जाणारा खोल चरा पडतो. सुई-कटरनं हकीकवर ओरखडा उठत नाही. कार्डावर नुसतं नॅचरल लिहिलेलं असेल तर फसू नका, दगड नॅचरल असून रंग दिलेला असू शकतो, रंग दिलाय का नाही ते वेगळं लिहिलेलं पाहिजे, आणि रिपोर्ट नंबर लॅबच्या साइटवर स्वतः टाकून बघा. आमच्या कार्डांवर तर सगळ्या माळांना एकच नंबर होता. मधाच्या रंगाचा हकीक गोमेद म्हणून पण खपवतात, गोमेद गार्नेट जातीचा, तेवढ्याच आकाराला हकीकपेक्षा बराच जड लागतो.

पैशाचं काय झालं विचाराल तर अजून परत आलेले नाहीत. फोन बंद, यूपीआयवर नाव वेगळंच, लॉजवाल्याकडं दिलेल्या पत्त्यावर तो माणूस राहतच नाही. पोलिसांत अर्ज दिलाय, स्क्रीनशॉट आणि फुटके मणी जोडलेत. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० ला लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडकवता यायची शक्यता जास्त. स्वतःला वापरायला खडा घेऊन फसला असाल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथंही पहिलं बिलच विचारतात. ज्या गिऱ्हाइकांनी त्या माळा घेतल्या होत्या त्या सगळ्यांना आम्ही पैसे परत दिले, काच असलेल्या माळा तोडून टाकल्या आणि टोकांचे खरे मणी वेगळे काढून ठेवलेत.

इचलकरंजीच्या एका ताईंना पण असाच माल गेलाय हे नंतर कळलं, तीच कार्डं, तोच दोरा. त्यांच्या बहिणीकडं सांगलीला मध्यंतरी असाच एकजण आला होता, तिला आधीच सगळं सांगितलेलं असल्यामुळं तिनं माळ टॉर्चवर धरून मधला मणी दाखवला आणि "रंगवलेला नाही, काच नाही असं बिलावर लिहून सही करा" म्हटली, तर गाडीतनं बिलबुक आणतो म्हणून ट्रे उचलून गेला तो आलाच नाही. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गर्दी होईल तेव्हा ही माणसं परत इकडं येणार, तोवर हे तुमच्या ओळखीतल्या दागिने करणाऱ्या बायकांपर्यंत पोचवा.