जुना रेडिओ ओळखायचा कशावरून: समोरची डायल की पाठीमागची चॅसी?

संग्राहकांच्या अदलाबदल मेळाव्यात एका टेबलापुढे फार वेळ थांबता येत नाही, मागे रांग असते. मॉडेल ठरवायला तेवढ्यात समोर बघायचं की सेट फिरवून पाठ, म्हणजे चॅसी (सगळे भाग बसवलेला आतला धातूचा सांगाडा), बघायची? माझं मत पाठीच्या बाजूने आहे, पण डायलही अगदीच मोडीत काढू नका.

डायल लांबूनही वाचता येते आणि काळ पटकन सांगते. अमेरिकी सेटवर ६४० आणि १२४० किलोसायकलला छोटे त्रिकोण दिसले तर तो साधारण १९५३ ते १९६३ मधला. ती शीतयुद्धातल्या आणीबाणीच्या प्रसारणाची खूण. एफएमचा पट्टा ४२ ते ५० मेगासायकल असेल तर सेट त्याच्याही आधीचा, कारण अमेरिकेत ८८ ते १०८ महायुद्धानंतर रुळलं. अडचण एवढीच की यातून काळ कळतो, मॉडेल नाही. शिवाय काच फुटली की भावंड-मॉडेलची काच बसवलेली असते. नॉबवर तर मी कधीच विसंबत नाही.

पाठीमागच्या पुठ्ठ्यावरचा कागद सापडला तर अर्धं काम झालं. त्यावर बऱ्याचदा दोन क्रमांक असतात, आणि गोंधळ तिथेच होतो. झेनिथच्या ट्रान्स-ओशनिकचं मॉडेल एच ५००, आतली चॅसी ५एच४०. विकणारा चिठ्ठीवर यांतला कोणताही लिहितो. फिलिप्सच्या १९५० च्या दशकातल्या क्रमांकात शेवटचं अक्षर बघा: ए म्हणजे फक्त एसी, यू म्हणजे एसी-डीसी.

हे अक्षर व्हॉल्व्हशी (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) ताडून बघता येतं. ईसीएच ८१ आणि यूसीएच ८१ काम एकच करतात. पण नावातलं पहिलं अक्षर ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी तार), यू म्हणजे १०० मिलिअँपिअरवर इतर हीटरसोबत एका माळेत जोडलेला. कागदावर यू आणि सॉकेटमध्ये सगळे ई-वाले व्हॉल्व्ह, तर पुठ्ठा दुसऱ्याच सेटचा समजा. आणि यू-सेटमध्ये सहसा मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो, चॅसीत थेट वीज उतरू शकते. मेळाव्यात तो प्लगला लावून बघू नका, विकणाऱ्याने कितीही आग्रह केला तरी.

चॅसीही एका ठिकाणी हात टेकते. १२बीई६, १२बीए६, १२एव्ही६, ५०सी५, ३५डब्ल्यू४ ही पाचांची टोळी इतक्या अमेरिकी कंपन्यांनी वापरली की व्हॉल्व्हच्या यादीवरून काहीच सिद्ध होत नाही. तिथे पेटी आणि डायलच कामी येतात. स्पीकरवरचा शिक्काही बघा: २२० ने सुरू होत असेल तर स्पीकर जेन्सन कंपनीचा, पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा. वर्षाचा बहुधा शेवटचाच आकडा असतो, त्यामुळे दशक तुम्हालाच ठरवावं लागतं.

ट्रान्झिस्टर सेटचं काम सोपं. झाकण उघडा, आतला कागद वाचा, बॅटरीचे पत्रे गंजलेत का बघा. १९५४ च्या रीजन्सी टीआर-१ मध्ये चारच ट्रान्झिस्टर आणि २२.५ व्होल्टची बॅटरी लागते. नऊ व्होल्टची जागा दिसली तर शंका घ्या.

शोकेसमध्ये ठेवायचा असेल तर डायल आणि पेटी एकमेकांची आहेत एवढं बघून घ्या. वाजवायचा असेल तर मात्र चॅसी बघितल्याशिवाय बोलणी करू नका. विकणारा पाठ उघडूच देत नसेल, तर नुसत्या पेटीचा भाव सांगा.