8 जीबी रॅम टाकली, वापरायला मिळाली 3.25 (सात महिन्यांनंतर लिहितोय)

आधीच सांगतो, मशीन आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ऑफिसातलं, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी41 मदरबोर्ड, विंडोज 7 होम बेसिक 32-बिट. खजिनदार मी, म्हणून झेंगट माझ्या गळ्यात. नवीन घ्या म्हणू नका, मेंटेनन्सची बिलं 16-बिट डॉस प्रोग्रामवर निघतात आणि डॉट मॅट्रिक्सवर छापतात, तो प्रोग्राम बनवणारा केव्हाच पुण्याला गेला.

रिडेव्हलपमेंटचे स्कॅन केलेले नकाशे आणि एक्सेल एकत्र उघडले की मशीन गप. म्हणून 2 जीबी काढून सेकंडहँड डीडीआर3 च्या 4-4 च्या दोन पट्ट्या घेतल्या, चौदाशे रुपये, सोसायटीचे नाही, माझे. कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये बघतो तर 8.00 जीबी, कंसात 3.25 जीबी यूजेबल. तो कंस त्या दिवसापासून डोक्यात बसलाय तो बसलाच. पावणेपाच जीबीचे पैसे कशाचे दिले मी?

स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन भांडलो. तिथला पोरगा म्हणे, "काका, बायोसमध्ये (म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या स्क्रीनवर) 8 दिसतंय ना? मग पट्टी ओके आहे." मी म्हटलं बायोस काय चाटायचाय मला? बदली पट्टी घेऊन आलो, पुन्हा तेच 3.25.

आता कबूल करतो, पोरगा बरोबर होता. 32 बिटात, म्हणजे 32 एक-शून्यांत, रॅममधल्या बाइटांचे पत्ते होतात 4,29,49,67,296, म्हणजे बरोब्बर 4 जीबी, त्यापुढे नंबरच नाहीत. त्यातले वरचे नंबर ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क वगैरेला आधीच दिलेले. आमच्या बिल्डिंगमध्ये पंपरूम आणि वॉचमनच्या केबिनला फ्लॅट नंबर दिले असते तर मेंबरांना जेवढे उरले असते तसं. डॉसलाही हेच होतं, 1 एमबी पत्ते, वरचे 384 केबी कार्डांना, प्रोग्रामला 640. तरी त्याने विकताना विंडोज कुठलं एवढं विचारायला काय हरकत होती, हे माझं अजूनही म्हणणं आहे.

मग वाचलं की पेंटियम प्रो हा प्रोसेसर 1995 पासूनच पीएई नावाच्या सोयीने 64 जीबीपर्यंत जाऊ शकत होता, आणि विंडोज सर्व्हर 2008 ची एंटरप्राइज 32-बिट आवृत्ती तेवढी वापरतेसुद्धा. म्हणजे अडचण नुसत्या 32 बिटांची नाही, घरगुती आवृत्तीला 4 चं कुलूप लावलंय. 4 च्या वरचा पत्ता आला की बरेच ड्रायव्हर (कार्डं, प्रिंटर चालवणारे छोटे प्रोग्राम) आडवे पडायचे म्हणून लावलं म्हणे. पटतं, पण चौदाशे आठवले की पटत नाही.

64-बिट विंडोज टाकून बघितलं. लायसन्स की तीच चालते, 64-बिट होम बेसिकला 8 ची मर्यादा, बोर्डही 8 च्या वर घेत नाही, सगळं जमलं होतं. कंसही जवळपास गेला! पण 64-बिट विंडोज 16-बिट प्रोग्राम उघडतच नाही. डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) आमचा बिलांचा प्रोग्राम उघडला, प्रिंटर काही केल्या हलेना, आणि 5 तारखेला बिलं द्यायची होती. रविवार घालवून परत 32.

दोन महिन्यांपूर्वी मात्र खरी मजा झाली. रॅमडिस्कचं एक सॉफ्टवेअर मिळालं, ते विंडोजला न दिसणारी रॅम उचलून तिचा ड्राइव्ह बनवतं. आर: ड्राइव्ह, साडेचार जीबी. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) आणि टेम्प (तात्पुरत्या फायली) तिकडे हलवले, आता नकाशा आणि एक्सेल दोन्ही उघडे ठेवून मी चहा पितो. कंसात अजून 3.25 च आहे पण मी तिकडे बघत नाही (बघतो). नेट काढून ठेवलंय, कारण विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 लाच संपला.

एक लक्षात ठेवा, लाईट गेली की आर: रिकामा. मागच्या महिन्यात थकबाकीची यादी घाईत तिथेच सेव्ह केली, साडेचारला लाईट गेली, यूपीएसने दोन मिनिटं टुंटुं केलं आणि संपलं. रात्री अकरापर्यंत पावतीपुस्तकावरून परत टाइप केली. आता मॉनिटरवर पांढरी पट्टी चिकटवलीय, "आर वर काही ठेवू नये", आणि सेक्रेटरींनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "आर म्हणजे रिफ्युज एरिया का हो?"