मारबतीला दिलेली बुलेट होळीला मिळाली: ताजबागकडच्या बिनबोर्डाच्या गॅरेजचा रिव्ह्यू

गॅरेजला नाव नाही त्यामुळे मीही देऊ शकत नाही. नागपुरात उमरेड रोडनं मोठ्या ताजबागकडे जाताना उजव्या हाताला एका गल्लीत टिनाचं शेड आहे, बाहेर चार-पाच बुलेटचे सांगाडे उभे असतात तेच त्याचं बोर्ड समजा. मालकाला सगळे चाचाच म्हणतात.

गाडी बाबांची, १९९१ ची बुलेट स्टँडर्ड ३५०, नंदनवनच्या घरी मागच्या शेडमध्ये चौदा वर्षं डबल स्टँडवर उभी. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं, सीटचा फोम उंदरांनी नेला, टाकीत जे उरलं होतं ते पेट्रोल नव्हतं, जुन्या वार्निशसारखं काहीतरी होतं. माझी रोजची गाडी म्हणजे नवीन क्लासिक ३५०, बटण दाबलं की चालू, त्यामुळे बुलेट सुरू करायची घाई अशी नव्हतीच, पण मागच्या वर्षी शेड पाडायचं ठरलं आणि भंगारवाला दारात येऊन किलोचा भाव सांगायला लागला तेव्हा पोटात कालवलं.

आधी एका दुसऱ्या मिस्तरीकडे नेली होती, नाव सोडा, त्यानं आठ दिवसांत "चालू करून देतो" म्हणून ओरिजिनल कार्बोरेटर काढून कोणतातरी चायनीज बसवला आणि गाडी दोन किलोमीटर जाऊन बंद पडली. जुना कार्बोरेटर परत मागितला तर म्हणे हरवला.

मग चाचाकडे. त्यांचा पहिलाच प्रश्न गाडीबद्दल नव्हता, "रोजच्यासाठी दुसरी गाडी हाय का?" मी म्हटलं आहे, तेव्हा कुठं त्यांनी हात पुसून बुलेटकडे बघितलं. नंतर कळलं की ज्याच्याकडे दुसरी गाडी नाही त्याचं काम ते घेतच नाहीत, कारण तो रोज येऊन डोकं खातो. माझ्यासमोर एका पोराला सरळ सांगितलं, "घाई असन तर शोरूममधे जा ना भाऊ, इथं काहून आला?"

पंधरा दिवस सांगितले होते. नागपूरची मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, मी गाडी तिच्या दुसऱ्या दिवशी दिली आणि हातात आली होळीच्या आधी, आता तुम्हीच मोजा. फोन उचलत नाहीत, बिल देत नाहीत, वहीच्या कागदावर आकडे लिहून देतात, आणि मध्ये एकदा माझी गाडी पावसात बाहेर राहिली, मागच्या मडगार्डला ओरखडा आला तो आलाच, त्यावर सॉरी वगैरे काही नाही. तारीख लागत असेल, लग्नात वरातीला गाडी पाहिजे वगैरे, तर अजिबात जाऊ नका.

पण काम!! टाकीत बारीक गिट्टी आणि डिझेल टाकून दोन पोरांनी अख्खी दुपार ती हलवली, गंज निघाला तो चहाच्या रंगाचा. सिलिंडरचं बोअर घासलेलं होतं म्हणून लेथवाल्याकडून बोअरिंग करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकला. पेट्रोलची सगळी रबरी नळी बदलली, म्हणे आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येऊन राहिलं, जुनं रबर फुगते. कार्बोरेटर त्यांच्याकडच्या सांगाड्यातून मिककार्ब मेकचा जुना काढून साफ करून लावला. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची फट सेट करताना माझा हात धरून पुशरॉडवर, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यावर, ठेवला, इंजिन थंड पाहिजे आणि रॉड दोन बोटांनी सुटा फिरला पाहिजे पण वरखाली खडखडला नाही पाहिजे, बस, गेज वगैरे काही नाही.

मी म्हटलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट टाकून द्या ना, पॉईंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काची) कटकट नको. साफ नाही म्हणाले. पॉईंट रस्त्यात खराब झाले तर पॉलिश पेपरनं घासून घरी येता येते, किट गेलं तर ढकलत या. रंगाचंही तेच, मी क्रोम नि नवीन पेंट सांगत होतो, ते म्हणाले पैसे ब्रेक शूमध्ये टाक. माझे सात-आठ हजार त्यांनी असे वाचवले, हा अनुभव मला मोबाईलवर जॉब कार्ड पाठवणाऱ्या एसी सर्व्हिस सेंटरमध्ये तरी आलेला नाही. तिथं क्लासिक धुऊन-पुसून वेळेवर मिळते हेही खरं, पण तिला हात कोणी लावला ते मला आजपर्यंत माहीत नाही.

पहिल्यांदा चालू झाली तेव्हा इतका धूर की चहावाला ओरडला. इंजिनच्या पोटात इतक्या वर्षांत ऑइल उतरून बसलेलं होतं, ते जळेपर्यंत दहा मिनिटं. किक मात्र चाचांनी मारली नाही, मलाच मारायला लावली. चावी ऑन, किक हळू दाबत ॲम्पिअर मीटरचा काटा मध्ये येईपर्यंत थांबायचं, मग डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून किक जराशी खाली, सोडायचं, आणि आता पूर्ण. सतराव्या वेळी लागली. घरी बाबांना म्हटलं तुम्ही मारून बघा एकदा, तर म्हणे "नवा गुडघा काय तुझा बाप देणार हाय का?" आणि ॲक्टिव्हा घेऊन निघून गेले.

आता दोन्ही गाड्या ठेवणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या, नवीनचं उलटं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण जुनीत पहिला गियर वर आणि बाकीचे तीन खाली, म्हणजे ब्रेक समजून उजवा पाय दाबला की गाडी थांबायच्या ऐवजी वरच्या गियरमध्ये जाते! आठवडाभर क्लासिक चालवून रविवारी बुलेट काढली आणि व्हरायटी चौकाच्या सिग्नलला हेच केलं, समोर ऑटो, पुढचा ड्रम ब्रेक नावालाच, कशीबशी डावीकडे काढली. ऑटोवाला जे बोलला ते इथं लिहिता येत नाही. आता बुलेटवर बसायच्या आधी मी घराच्या गल्लीतच दोन चकरा मारतो.

इंजिन म्हणाल तर जुनं ३४६ सीसी, नवीन ३४९, कागदावर सारखंच वाटतं. पण जुन्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, लांब, ९० मिमी, त्यामुळे रामटेकला गेलो तर मनसरपर्यंत पन्नास-पंचावन्नलाच मजा आली, सत्तरला थरथरीनं आरशात काही दिसेनासं होतं. त्याच रस्त्यावर क्लासिक ऐंशीला कुरकुरत नाही. मे महिन्याच्या ऊनात मात्र जुनी काढत नाही, पंचेचाळीस डिग्रीत किक मारत बसायची हौस नाही.

कागदांचं चाचा काही करत नाहीत. फोटोखाली लोक व्हिंटेज व्हिंटेज लिहितात पण आरटीओच्या नियमात व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षं पूर्ण, म्हणजे आपल्याला रजिस्ट्रेशनचं साधं रिन्यूअलच, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या टू-व्हीलरची फी २००० झाली, वर ग्रीन टॅक्स, नवीन नंबर प्लेट, इन्शुरन्स वेगळा.

एकूण मला २७ हजार लागले, टायर धरून. चार स्टार, एक स्टार तारखांचा कापला.

जायचं असेल तर साडेदहाच्या आधी शटर उघडत नाही आणि शुक्रवारी दुपारी बंद असते. घरात जुन्या गाडीचे नटबोल्ट, केबल, काहीही पडलं असेल तर पोतं भरून घेऊन जा, चाचा त्यातलंच आधी बघतात.