लष्करी उपयोगाचे संशोधन आणि शास्त्रज्ञाची जबाबदारी: एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचा अनुभव

मी पुण्यात एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवते. त्यांच्यापैकी काही जण दरवर्षी संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळांमध्ये नोकरीसाठी अर्ज करतात आणि अर्ज करण्यापूर्वी माझे मत विचारतात. आपल्या संशोधनाचा लष्करी वापर होणार असेल तर शास्त्रज्ञाने कसे वागावे, या विषयावरचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी अठराशे रुपये भरून पूर्ण केला, तो या प्रश्नाला नीट उत्तर देता यावे म्हणून.

यातला तिसरा आठवडा फारच चांगला आहे. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया तयार करणाऱ्या फ्रिट्झ हाबर यांच्या शोधातून शेतीला खत आणि जर्मन सैन्याला दारूगोळा, दोन्ही मिळाले, एवढे आपण वर्गातही सांगतो. इथे मात्र पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याकडून दीडशे टनांहून अधिक विषारी क्लोरीन वायू कसा सोडला गेला, त्यासाठी वाऱ्याची वाट किती दिवस पाहावी लागली आणि हाबर स्वतः तेथे कसे हजर होते, हे सविस्तर येते. त्यानंतर दहा दिवसांनी त्यांची पत्नी क्लारा इमरवार, ज्या स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या होत्या, त्यांनी आत्महत्या केली. आत्महत्येचे कारण सांगणारी चिठ्ठी उपलब्ध नसल्यामुळे शिक्षकांनी त्या मृत्यूला निषेधाचे प्रतीक बनवण्याचे टाळले, हा संयम मला मोलाचा वाटला.

त्याच आठवड्यात जेम्स फ्रांक भेटतात. पहिल्या महायुद्धात हाबर यांच्या वायुपथकात काम केलेले हे भौतिकशास्त्रज्ञ १९३३ मध्ये नाझी धोरणाच्या निषेधार्थ जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाची प्राध्यापकी सोडतात. पुढे शिकागोत अणुबाँबच्या कामात सामील होताना, अमेरिकेने बाँब आधी तयार केला तर त्याच्या वापराविषयीचे आपले मत सर्वोच्च पातळीवर मांडू दिले जावे, अशी अट ते घालतात. जून १९४५ च्या फ्रांक अहवालात जपानवर पूर्वसूचनेशिवाय बाँब टाकू नये, आधी निर्जन जागी त्याचे प्रात्यक्षिक दाखवावे, असे सुचवले होते. ते मानले गेले नाही. तरीही कामात शिरण्यापूर्वी अट घालता येते, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

चौथ्या आठवड्याचा सराव थायोडायग्लायकॉलवर आहे. बॉलपेनच्या शाईत आणि कापडाच्या रंगाईत वापरला जाणारा हा द्रव मस्टर्ड वायू या रासायनिक शस्त्राचाही कच्चा माल आहे. आपण विक्री अधिकारी आहोत असे धरून एका अनोळखी कंपनीची मागणी मंजूर करायची की नाही, हे ठरवायचे असते. मागवलेले प्रमाण, पत्ता, पैसे भरण्याची पद्धत असे तपशील एकेक करून समोर येतात. मी दुसऱ्याच तपशिलावर मागणी मंजूर केली आणि चौथा वाचल्यावर मला फार वाईट वाटले.

उणिवाही गंभीर आहेत. मराठी उपशीर्षके यंत्राने केलेली असून तोफेच्या 'शेल'चे भाषांतर 'शिंपला' असे झाले आहे. ईप्रच्या प्रसंगात हे वाचताना मनस्ताप होतो. भारताचे उदाहरण एकही नाही. रासायनिक शस्त्रबंदी करारावर भारताने १९९३ मध्ये सही केली, पुढे आपल्याकडचा साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो नष्ट केला. इतका जवळचा विषय सुटायला नको होता. सर्वांत मोठी चूक शेवटच्या परीक्षेत आहे. फ्रांक यांचे वागणे योग्य होते का, या प्रश्नाला चार पर्याय देऊन त्यातला एक 'बरोबर' ठरवला आहे. मी दुसरा पर्याय निवडला, गुण गेले, आणि कारण मांडायला जागाच नव्हती. याबद्दल पाठवलेल्या ईमेलला उत्तर आले नाही.

पुढच्या सत्रात तिसऱ्या आठवड्याचा विषय आणि थायोडायग्लायकॉलसारखा सराव मी विद्यार्थ्यांबरोबर वर्गात बसून घेणार आहे. संपूर्ण अभ्यासक्रमासाठी पैसे भरा, असे मात्र मी त्यांना सांगणार नाही.